लायसन्स बंद होतं ते तेवीस दिवस : बेळगावच्या कारखानदारांना आणि प्राचार्यांना खुलं पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातील फाउंड्री, मशीनशॉप आणि हायड्रॉलिक्स कारखान्यांचे मालक,
तसेच इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे प्राचार्य आणि मेकॅनिकलचे विभागप्रमुख यांस,

स. न. वि. वि.

उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मी गेली १७ वर्षं मेथडिंगचं काम करतो. कास्टिंगचं, म्हणजे धातू ओतून बनवायच्या भागाचं, ड्रॉइंग हातात आलं की धातू साच्यात कुठून सोडायचा, रायझर (गोठताना आकसणाऱ्या धातूला भर पुरवणारा जादा साठा) कुठं आणि केवढा ठेवायचा, चिल (उष्णता पटकन ओढून घेणारा धातूचा तुकडा) कुठं लावायचा हे ठरवणं म्हणजे मेथडिंग. तुमच्यापैकी अनेकांना हे माझ्याहून जास्त कळतं. पण हे पत्र कॉलेजची मुलंही वाचतील, म्हणून सुरुवातीलाच सांगितलं.

साच्यात धातू कसा भरेल आणि गोठेल हे ओतण्याआधीच कॉम्प्युटरवर दाखवणारं आमचं सिम्युलेशन सॉफ्टवेअर गेल्या पावसाळ्यात तेवीस दिवस बंद होतं. कॉम्प्युटर ठीक होता, पैसेही तयार होते. अडलं ते एका फॉर्मवर. लायसन्स दर वर्षी नवं करून घ्यावं लागतं आणि त्याआधी विक्रेत्याकडून काही पानांची विचारणा येते: तुमचा माल शेवटी कुणाकडे जातो, कशात बसतो, अमुक देशांत जातो का. आजवर ऑफिसातला मुलगा सगळीकडे ‘नाही’ लिहून तो फॉर्म परत पाठवायचा. या वेळी आमचे मालक म्हणाले, खरं असेल तेच लिहा. मग एका पंप बॉडीच्या ऑर्डरपुढं आम्ही लिहिलं की गिऱ्हाईक व्यापारी आहे, माल दुबईला जातो आणि पुढं कुठं जातो ते आम्हाला माहीत नाही. त्या एका ओळीवर नूतनीकरण तपासणीसाठी थांबलं.

मी रात्री रन लावून घरी गेलो होतो. सकाळी पॅटर्न शॉपला, म्हणजे साच्यासाठी नमुना बनवणाऱ्या विभागाला, रायझरचं माप द्यायचं होतं. येऊन बघतो तर रन अर्ध्यावर थांबलेला आणि स्क्रीनवर लायसन्सची मुदत संपल्याची एक ओळ. जुनी मॉडेलं उघडेनात. पाच वर्षांचं काम त्या कॉम्प्युटरमध्येच होतं, पण त्याच सॉफ्टवेअरच्या फाईलींत कोंडलेलं. दुसरं कुठलंही सॉफ्टवेअर त्या वाचू शकत नव्हतं.

मामांना बोलावलं. आमच्या पॅटर्न शॉपचे हे जुने मिस्त्री आता ६४ वर्षांचे आहेत. निवृत्त झाले तरी रोज येतात. त्यांनी प्लायवुडच्या तुकड्यावर खडूनं मांडायला घेतलं. बॉडीवरचा जाड बॉस, म्हणजे गोल उंचवटा, ८० मिलिमीटर व्यासाचा, तेवढाच उंच, एक तोंड भिंतीला चिकटलेलं. त्याचं आकारमान भागिले थंड होणारं क्षेत्रफळ, म्हणजे मॉड्युलस. अशा आकाराला व्यास पाचानं भागला की झालं: १६ मिलिमीटर. रायझर बॉसच्या नंतर गोठला पाहिजे, म्हणून त्याचा मॉड्युलस १.२ पट, १९.२. रायझर बाजूला, बारीक मानेनं जोडलेला, बाकी सगळीकडून वाळूत, म्हणून त्याला सहानं गुणायचं: ११५. “एकशेवीसचा लावा,” मामा म्हणाले आणि खडू खिशात ठेवला. च्वोरिनोव्ह यांनी १९४० मध्ये मांडलेल्या नियमावर हा हिशोब उभा आहे. गोठायला लागणारा वेळ त्या भागाकाराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, असा तो नियम. मामांनी हे नाव कधी ऐकलेलं नाही.

पहिल्या हीटला, म्हणजे भट्टीच्या पहिल्या ओतीला, सहा नग ओतले. लीक टेस्टला दोन गळले. गळणारे नग बँडसॉवर कापले तर बॉसच्या जागी धातू घट्ट, स्वच्छ होता. खोट होती आत, जिथं दोन पोर्ट, म्हणजे आतले पोकळ मार्ग, एकमेकांना मिळतात तिथं: मोहरीएवढ्या भोकांचं जाळं, बोट फिरवलं की खरखरीत लागणारं. त्या तिठ्यावर दोन कोअर, म्हणजे पोकळी राखणारे वाळूचे ठोकळे, मिळतात तिथली वाळू चारी बाजूंनी तापते आणि उष्णता ओढायची थांबते. मॉड्युलसच्या भागाकारात ही गोष्ट येत नाही. चोविसाव्या दिवशी लायसन्स आलं, मॉडेल चालवलं, आणि नेमक्या त्याच जागी लाल ठिपका उमटला. तिथं चिल लावला, गळती थांबली.

त्यामुळे सॉफ्टवेअर नको, जुनंच बरं, असं मी म्हणत नाही. सॉफ्टवेअर हवंच. पण त्या तेवीस दिवसांत एक गोष्ट मला नीट दिसली. आमच्या फाउंड्रीचं ज्ञान दोन ठिकाणी साठलेलं आहे: थोडं मामांच्या डोक्यात आणि बरंचसं दुसऱ्या कुणाच्या तरी लायसन्समध्ये. दोन्ही आमच्या हातातले नाहीत. तुमच्याकडेही फार वेगळं चित्र नसणार.

आमचं नुकसान दोन नग आणि तीन आठवडे. रशियातल्या इंजिनिअरांवर जे आलं ते याच्या किती पट मोठं होतं, ते समजून घेणं आपल्या उपयोगाचं आहे. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियानं युक्रेनवर हल्ला केला. मार्चमध्येच ड्रॉइंगची सॉफ्टवेअरं करणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीनं तिथला व्यवहार थांबवला. जर्मनीच्या सीमेन्स कंपनीनं १२ मे ला रशियातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. त्या देशात तिचा जवळजवळ १७० वर्षांचा वावर होता. डिसेंबर २०२३ मध्ये युरोपीय संघानं रशियन सरकारला आणि तिथल्या कंपन्यांना डिझाइन व उत्पादनाची सॉफ्टवेअरं देण्यावर बंदी आणली. अमेरिकेनं अशीच बंदी सप्टेंबर २०२४ पासून लागू केली. युद्ध कुणी सुरू केलं आणि कोण मेलं हे जगाला माहीत आहे. त्या निर्बंधांबद्दल मला तक्रार मांडायची नाही. मी बघतो ते एवढंच की त्या दिवशी कुणाकडे काय शिल्लक राहिलं.

ज्यांच्याकडे काही शिल्लक राहिलं त्यांनी ते फार आधीपासून जमवलेलं होतं. सेंट पीटर्सबर्गची आस्कॉन १९८९ पासून कोम्पास हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर करते. मॉस्कोच्या तेसिसचं फ्लोव्हिजन प्रवाहांचं गणित करतं. ताणाचं गणित करणारं फिडेसिस मॉस्को विद्यापीठातून बाहेर पडलेल्या गणितज्ञांचं. आणि सारोवच्या अणुकेंद्रात ‘लोगोस’ नावाचा सिम्युलेशन सॉफ्टवेअरचा संच घडला, तो आता रोसाटॉम ही तिथली सरकारी अणुकंपनी कारखान्यांना विकते. या कंपन्यांना आज परदेशी गिऱ्हाईक मिळवणं, परदेशातून पैसे घेणं अवघड झालंय; अनेक रशियन बँका स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय बँक-संदेश व्यवस्थेतून बाहेर काढल्या गेल्या आहेत. पण त्यांचा सॉल्व्हर, म्हणजे सॉफ्टवेअरमधला गणित सोडवणारा भाग, चालतो, कारण तो लिहिणारी माणसं आणि त्याचा मूळ कोड त्यांच्या घरात आहे. निर्बंध आल्यावर सॉल्व्हर लिहायला बसलं तर तो दोन पावसाळ्यांत होत नाही. त्याची उत्तरं हजारो प्रयोगांशी ताडून बघावी लागतात, तेव्हा कुठं एखादा कारखानदार त्याच्या भरवशावर पॅटर्न कापतो.

आता एक नाजूक विषय. गेल्या वर्षी एका प्रदर्शनात आपल्यापैकी काही मालकांना एक एजंट भेटला होता. निर्बंधाखालच्या एका देशातलं सिम्युलेशन सॉफ्टवेअर, किंमत निम्म्याहून कमी, पैसे तिसऱ्या देशातल्या खात्यावर भरायचे. चहा पिताना दोघा-तिघांनी मला विचारलं, घेऊ का? तेव्हा मी गुळमुळीत बोललो. ते बरोबर नव्हतं, म्हणून आज स्पष्ट लिहितो: घेऊ नका.

तिथलं शास्त्र कच्चं आहे म्हणून मी नको म्हणत नाही. उलट, आपण जे अमेरिकन किंवा जर्मन सॉफ्टवेअर वापरतो त्याच्या पोटात १९१५ साली गालेरकिन या रशियन अभियंत्यानं मांडलेली पद्धत आहे. प्रवाहाच्या गणितात गोदुनोव्ह या रशियन गणितज्ञाचं काम आहे, प्रवाहातल्या खळबळीच्या गणितात कोल्मोगोरोव्हचं. कायद्याच्या भीतीपोटीही म्हणत नाही. एखाद्या देशानं किंवा गटानं एकतर्फी लादलेले निर्बंध भारत मानत नाही, हे आपल्या परराष्ट्र मंत्रालयानं जुलै २०२५ मध्ये जाहीरपणे सांगितलं आहे. प्रश्न आपल्या गिऱ्हाइकांचा आहे. हत्तरगीच्या एसईझेडमध्ये आपल्याच जिल्ह्यातली माणसं एअरबस आणि बोईंगच्या विमानांचे भाग बनवतात. आपल्यातले कित्येक जण कुणाच्या तरी मार्फत युरोप-अमेरिकेला माल देतात. ३० ऑक्टोबर २०२४ ला अमेरिकेनं रशियाला मदत केल्याच्या कारणावरून जवळजवळ ४०० कंपन्या आणि व्यक्तींवर निर्बंध घातले, त्यात १९ भारतीय कंपन्या होत्या. अशा यादीत नाव गेलं की परदेशी बँक हात आखडता घेते, गिऱ्हाईक फोन उचलत नाही, आणि जे लायसन्स रीतसर पैसे देऊन घेतलेलं असतं तेही जातं. ज्याचे पैसे सरळ रस्त्यानं भरता येत नाहीत ते सॉफ्टवेअर चोवीस तास आपल्या भट्टीशेजारी चालवायचं, हा धोका मला तरी परवडणारा वाटत नाही.

आणि चोरीच्या कॉप्यांबद्दलही बोललं पाहिजे. मी नोकरीला लागलो तेव्हा ज्या ठिकाणी शिकाऊ होतो तिथं पेन ड्राइव्हवरून आलेली कॉपी होती. मी स्वतः ती तीन कॉम्प्युटरवर टाकली. त्या काळात मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आज वाटतं, आणि त्याचं कारण केवळ नोटिशीची भीती नाही. चोरीच्या कॉपीवर शिकलेला मुलगा कुठं क्लिक करायचं तेवढं शिकतो. मॅन्युअल नसतं, शंका विचारायला कुणी नसतं, आणि उत्तर चुकलं तर ते का चुकलं हे कुणाला कळत नाही. कॉलेजांच्या लॅबमध्येही मी हे पाहिलं आहे. कोणत्या, ते सांगण्याचं कारण नाही.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, हे सगळं रशियाचं, आपल्याला कशाला लागू होईल? वाडिनारची नायरा रिफायनरी घ्या. वर्षाला दोन कोटी टन तेल शुद्ध करणारी, गुजरातेतली भारतीय कंपनी. तिच्यात रोसनेफ्ट या रशियन तेल कंपनीचा ४९ टक्क्यांहून थोडा जास्त हिस्सा आहे. १८ जुलै २०२५ ला युरोपीय संघानं तिच्यावर निर्बंध लावले आणि काही दिवसांत मायक्रोसॉफ्टनं तिच्या सेवा बंद केल्या. कर्मचाऱ्यांचा ईमेल गेला, स्वतःच्याच डेटाला हात लावता येईना. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा परत सुरू झाल्या. एवढी मोठी कंपनी, पैसे भरलेले, माल भारतातच बनतो, तरी हे घडलं. आपण तर पाच-पन्नास माणसांचे कारखाने. आपला वकील बेळगावच्या कोर्टातला.

प्राचार्यांना मी दुसरं उदाहरण देईन. चीनमधल्या हार्बिन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचं नाव अमेरिकेच्या निर्बंधांच्या यादीत गेलं आणि जून २०२० मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांचं मॅटलॅब हे गणिताचं सॉफ्टवेअर बंद झालं. अर्ध्या लिहून झालेल्या प्रबंधांसकट. मे २०२५ मध्ये चिप डिझाइनची सॉफ्टवेअरं चीनला विकणं थांबवण्याचा हुकूम अमेरिकेनं काढला आणि जुलैमध्ये मागे घेतला. दोन महिन्यांत दोन निर्णय, आणि दोन्हींत वापरणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही.

आपल्या देशाला तर याचा जुना अनुभव आहे. ऐंशीच्या दशकात आपल्याला हवा तो क्रे सुपरकॉम्प्युटर अमेरिकेनं दिला नाही. दिला तो लहान आणि फक्त हवामानाच्या कामापुरता. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था उभी राहिली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर तयार झाला. मे १९९२ मध्ये क्रायोजेनिक (अतिथंड द्रव इंधनावर चालणाऱ्या) रॉकेट इंजिनाच्या करारावरून अमेरिकेनं इस्रो आणि रशियाच्या ग्लावकॉसमॉस या दोघांवर निर्बंध लावले. पुढच्या वर्षी रशियानं तंत्रज्ञान देण्यातून माघार घेतली आणि फक्त तयार इंजिनं दिली. आपल्या स्वतःच्या क्रायोजेनिक टप्प्यावर जीएसएलव्ही यशस्वीपणे उडाली ती ५ जानेवारी २०१४ ला. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर तेजस विमानाच्या उड्डाण नियंत्रणावर अमेरिकेत काम करत असलेल्या आपल्या इंजिनिअरांना परत यावं लागलं. तो कोड बेंगळुरूत पुरा झाला आणि तेजस ४ जानेवारी २००१ ला उडालं. आपल्याच राज्यात घडलेली ही गोष्ट, पण आपल्या कॉलेजांत ती कुणी सांगत नाही.

स्ट्रक्चरचं गणित करणारं फीस्ट हे सॉफ्टवेअर इस्रोच्या तिरुवनंतपुरमच्या केंद्रात तयार झालं आणि ते बाहेरच्या संस्थांनाही मिळतं. ओतकामाच्या बाबतीत आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांच्या गटानं ऑटोकास्ट आणि ई-फाउंड्री उभी केली, तीही आपल्यासारख्या लहान कारखान्यांना डोळ्यासमोर ठेवून. म्हणजे आपल्याला शून्यापासून सुरुवात करायची नाही.

माझी मागणी अशी आहे. बेळगावात एक सामायिक सिम्युलेशन कक्ष व्हावा. फाउंड्री क्लस्टरच्या रूपानं एकत्र येऊन सोय उभी करण्याचा अनुभव आपल्याला आहेच. चार दणकट कॉम्प्युटर, एक चांगला यूपीएस आणि पगारावर ठेवलेली दोन तरुण मुलं. त्यावर मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा मूळ कोड सर्वांना खुला असतो असं, चालवायचं. प्रवाह आणि उष्णतेसाठी ओपनफोम, जे २००४ पासून सर्वांना खुलं आहे. ताणाच्या गणितासाठी कॅल्क्युलिक्स, जे म्युनिकच्या विमान इंजिन कंपनीतल्या दोघा इंजिनिअरांनी लिहिलं. फ्रान्सच्या वीज कंपनीचं कोड-आस्टर, जे १९८९ पासून वाढत आलंय आणि २००१ पासून खुलं आहे. फिनलंडचं एल्मर. यांना लायसन्सची तारीख नाही. मुक्त सॉफ्टवेअरही राजकारणापासून पूर्ण सुटलेलं नाही, हे मला माहीत आहे. २०१९ मध्ये कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळानं इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या लोकांची खाती आवळली, ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमची देखभाल करणाऱ्यांच्या यादीतून काही रशियन नावं काढली गेली. पण ज्याच्या कॉम्प्युटरवर कोड उतरवलेला होता त्याचा कोड दुसऱ्या दिवशीही चालला. मला तेवढी खात्री पुरते.

ओपनफोममध्ये रायझरचं माप सांगणारं बटण नाही. गोठण्याचं गणित त्यात आहे, पण आपल्या कामाला ते जुळवून घ्यावं लागतं, आणि त्याला वर्ष-दीड वर्ष जाईल. म्हणून ज्यांच्याकडे चांगलं परदेशी सॉफ्टवेअर आहे त्यांनी ते मुळीच सोडू नये. जे मॉडेल त्यावर चालवता तेच कक्षात दुसऱ्यांदा चालवून बघायचं. दोन उत्तरं जुळेनात, तर कास्टिंग कापून तिसरं उत्तर मिळतं.

पण माझ्या मते याहूनही महत्त्वाचं काम दुसरंच आहे, आणि त्याला सॉफ्टवेअर लागतच नाही. कुठलंही सिम्युलेशन त्याला दिलेल्या आकड्यांइतकंच खरं. आम्ही वाळूचे जे आकडे वापरतो ते सॉफ्टवेअरबरोबर आलेल्या तक्त्यातले, कुठल्या तरी परदेशी वाळूचे. आपली वाळू, आपलं बेंटोनाइट (वाळू बांधून ठेवणारी माती), आपल्या पावसाळ्यातला ओलावा, तीस-तीस वेळा फिरून आलेली वाळू: यांतली उष्णता किती वेगानं पसरते, ते आपल्यात कुणी मोजलं आहे? गेल्या महिन्यात मी एक साधा प्रयोग केला. १०० मिलिमीटरचा घन ओतला. धातूत एस टाईप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार), वाळूत भिंतीपासून १०, २० आणि ४० मिलिमीटरवर के टाईपचे तीन. दर सेकंदाला नोंद. धातूचा आलेख ११५० अंशांच्या आसपास आडवा होतो, कितीतरी वेळ तिथंच रेंगाळतो, मग एकदम खाली घसरतो. गोठणं म्हणजे काय हे १७ वर्षांत मी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. आमचा भट्टीवाला पोरगा शेजारी उभा राहून शेवटपर्यंत बघत होता. तो कन्नड बोलणारा, मी मराठी. आमच्या शॉपफ्लोअरवर दोन्ही भाषा एका वाक्यात येतात, त्यामुळे त्याला समजावताना काही अडलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं आपणहून विचारलं, पातळ भिंतीत हा आडवा भाग किती लांब येईल?

असे आलेख प्रत्येक फाउंड्रीनं काढावेत. ते साध्या मजकुराच्या फाईलीत ठेवावेत, ज्या वीस वर्षांनीही कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडतील. ड्रॉइंग स्टेप या, वेगवेगळ्या सॉफ्टवेअरांना वाचता येणाऱ्या फाईल प्रकारातही ठेवावं. मामांसारख्या माणसांचे हिशोब, त्यांनी लावलेले रायझर, पास झालेले आणि फेकलेले नग, हे सगळं त्याच जागी लिहून ठेवावं. गिऱ्हाइकाचं नाव आणि ड्रॉइंग नंबर काढून टाकला तर यात कुणाचं गुपित फुटत नाही. एकमेकांपासून लपवण्याची जी सवय आपल्यात आहे, तिनं आजवर कुणाचं रिजेक्शन कमी झालेलं मी पाहिलेलं नाही.

प्राचार्य महोदय, तुमच्याकडे माझं मागणं एवढंच की एफईएमच्या (फायनाइट एलिमेंट मेथड, म्हणजे भागाचे छोटे तुकडे करून गणित करण्याची पद्धत) प्रॅक्टिकलची सुरुवात सॉफ्टवेअरनं करू नका. आधी एका पट्टीचे दहा भाग करून उष्णता कशी सरकते ते मुलांना वहीत करू द्या, मग पायथनच्या तीस ओळींत, मग ओपनफोममध्ये. काळाची पायरी फार मोठी घेतली की उत्तर कसं भडकतं, ते त्यांना स्वतःच्या चुकीतून दिसू द्या. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पानं ओपनफोमवर बरंच काम केलं आहे आणि तिथल्याच स्पोकन ट्युटोरियलमध्ये मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठी-कन्नडसह आपल्या भाषांत आहेत. १९९८ पासून व्हीटीयूचं (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं) मुख्यालय आपल्या गावात आहे. आपल्या फाउंड्रीतली खरी कास्टिंगं शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला घ्यायला विद्यापीठाची हरकत असण्याचं मला काही कारण दिसत नाही. दरवर्षी मुलं आमच्याकडे प्रोजेक्टचं सर्टिफिकेट मागायला येतात. त्यांना सर्टिफिकेट नको, काम द्यायची माझी तयारी आहे.

मालकांना एक शेवटची विनंती. तो फॉर्म ऑफिसातल्या मुलावर सोडू नका. आमच्या त्या व्यापाऱ्याला मालकांनी नंतर फोन करून विचारलं, दुबईहून पुढं माल कुठं जातो? त्यानं ऑर्डरच मागे घेतली. महिन्याला चाळीस नगांचं काम गेलं. मालकांनी त्यावर एक शब्द काढला नाही, आणि त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटला.

ज्या पंप बॉडीवर आम्ही अडलो होतो, ती मी गेले तीन महिने रविवारी बसून ओपनफोमवर चालवतो आहे. पोर्टच्या तिठ्यावरची गरम जागा आता दिसायला लागली आहे. मात्र ती जिथं हवी त्याच्यापासून आठ मिलिमीटर बाजूला येते, आणि का येते ते मला अजून उलगडलेलं नाही. मालकांच्या परवानगीनं त्याच्या सगळ्या फाईली आणि थर्मोकपलचे आलेख मागेल त्याला देतो. पुढच्या महिन्यात एका रविवारी सकाळी कुणाच्या तरी शेडमध्ये जमूया. येताना प्रत्येकानं आपल्याकडचं एक गळकं कास्टिंग मधोमध कापून आणावं, आणि जमलं तर त्या हीटचं ओतण्याचं तापमान एका कागदावर लिहून आणावं. मामा येणार आहेत.

आपला,
एक मेथडिंग इंजिनिअर
उद्यमबाग, बेळगाव